निवृत्तीनंतर राहण्यासाठी घरासह ग्रामीण जागा घेताना या चुका टाळा

निवृत्तीनंतर शहर सोडून मोकळ्या जागेत राहण्याचे ठरवलेली जोडपी जागा पाहायला जातात तेव्हा बहुधा आधी घर पाहतात, मग अंगण, मग झाडे, आणि पाण्याचा प्रश्न निघता निघता विचारतात. हा क्रमच पहिली चूक आहे. गळके छप्पर, कुजलेली दारे, जुनी वायरिंग हे सारे पैसा आणि वेळ खर्चून बदलता येते. पण विहिरीत नसलेले पाणी, पुराच्या पट्ट्यातली जमीन आणि रुग्णालयापासूनचे अंतर यांपैकी काहीही खरेदीनंतर बदलत नाही. म्हणून जे दुरुस्त होणार नाही ते आधी तपासावे आणि घराकडे सर्वांत शेवटी वळावे.

जागा एकाच ऋतूत पाहणे

विक्रेता आपली जागा तिच्या उत्तम दिवसांत दाखवणार, यात त्याचा दोष नाही. खरेदीदाराने मात्र ती निदान दोनदा पाहावी: एकदा भर पावसात आणि एकदा कोरडा काळ संपत आला असताना. पहिल्या भेटीत पाणी कुठून येते, कुठे साचते आणि रस्ता टिकतो का, हे कळते. दुसऱ्या भेटीत विहिरीची खरी पातळी दिसते. तेवढी सवड नसेल तर खुणा वाचाव्यात. कुंपणात अडकलेला पालापाचोळा, झाडांच्या बुंध्यांवर ठरावीक उंचीपर्यंत गेलेला गाळाचा पट्टा, भिंतीवरची पुसट आडवी रेघ या गोष्टी कोणत्याही तोंडी आश्वासनापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.

‘विहीर आहे’ एवढ्यावर समाधान मानणे

विहीर असणे आणि तिला पुरेसे पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंप सुरू करून 200 लिटरचे पिंप किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे, उपसा काही तास चालू ठेवून पातळी किती खाली जाते ते मोजावे, आणि पंप बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो याची नोंद करावी. पहिल्या दहा मिनिटांची जोरदार धार म्हणजे केवळ आधीचा साठा असतो. झऱ्याची ताकद त्यानंतर कळते.

गरजेचा हिशेब करतानाही एक ठरलेली गफलत होते. दोन माणसांना प्रत्येकी 100 लिटर धरले तर घरखर्चाला दिवसाला 200 लिटर लागतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण कोरड्या हवेत 100 चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्यांना दिवसाला 5 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर तेच 500 लिटर होते, म्हणजे बाग घराच्या अडीचपट पाणी पिते. छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याचा विचार असेल तर 1 चौरस मीटरवर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, हे सूत्र पुरते. वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस आणि 100 चौरस मीटरचे छप्पर असेल तर 60,000 लिटर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी 48,000 लिटर हाती येते. घराला ते 240 दिवस पुरेल, बागेसह मात्र जेमतेम 70 दिवस.

जागा घेऊन झाल्यावर झरा मंद निघाला तर लगेच दुसरी बोअरवेल खणायला धावू नये. मिनिटाला 2 लिटर देणारा, पण न आटणारा झरा दिवसभरात 2,880 लिटर देतो. उणीव असते ती मोठ्या टाकीची आणि थोडे थोडे उपसणाऱ्या पंपाची.

पाणी पुरेसे असले तरी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. जंतूंबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक यांची चाचणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे अनुक्रमे 50 मिलिग्रॅम, 1.5 मिलिग्रॅम आणि 0.01 मिलिग्रॅम अशा आहेत. उकळल्याने जंतू मरतात, पण ही तिन्ही द्रव्ये तशीच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. सेप्टिक टाकीचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला किंवा अगदी जवळ असेल, तर आजचा चांगला अहवालही फार काळ टिकेल असे मानू नये.

माती पाहायला विसरणे

एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पातळी कशी उतरते ते पाहावे. दुसऱ्या वेळचे पाणी तासाला एखाद्या सेंटिमीटरनेही उतरत नसेल तर तिथे भाजीची मुळे कुजतील आणि शोषखड्डाही नीट चालणार नाही. अशा जमिनीवर उंच वाफे करून बाग साधता येते. सांडपाण्याची अडचण मात्र महागात पडते.

वाट आणि हद्द तोंडी मानणे

शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट वर्षानुवर्षे वापरात असली तरी वहिवाटीचा हक्क कागदावर नोंदलेला आहे का, हे जाणकार वकिलाकडून पाहून घ्यावे. आजच्या शेजाऱ्याचा चांगुलपणा त्याच्या वारसांवर बंधनकारक नसतो. कुंपण म्हणजे हद्द असेही समजू नये. व्यवहारापूर्वी अधिकृत मोजणी करून घ्यावी.

घराच्या रंगावर भाळणे

विक्रीच्या तोंडावर दिलेला ताजा रंग पाहिला की माझा संशय वाढतो. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतची ओल बहुधा पायातून चढलेली असते, तर छताजवळचा डाग वरच्या गळतीचा असतो, आणि या दोहोंच्या दुरुस्त्या अगदी निराळ्या आहेत. गिलाव्यातले केसाएवढे तडे फारसे चिंतेचे नसतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, एका टोकाला रुंद होणारा तडा पाया खचल्याचे सुचवतो. लाकडी चौकटी आणि वासे पेचकसाने टोचून पाहावेत. टोक सहज आत गेले तर वाळवी किंवा कूज आहे असे समजावे. विजेचा दाब सर्वाधिक वापराच्या वेळी, म्हणजे बहुधा संध्याकाळी तपासावा, कारण दुपारी सुरळीत चालणारा पंप त्या वेळी उचलतच नाही, असेही होते.

आजच्या शरीराला धरून निवड करणे

साठाव्या वर्षी चढता येणाऱ्या पायऱ्या ऐंशीव्या वर्षी घराला कुलूप लावायला भाग पाडतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड 1 ला 12 या प्रमाणात लागते. म्हणजे जोते 60 सेंटिमीटर उंच असेल तर 7.2 मीटर लांबीची. तेवढी जागा दारासमोर आहे का, आणि न्हाणीघराचे दार निदान 80 सेंटिमीटर मोकळे उघडते का, हे टेपने मोजूनच ठरवावे. झोपण्याची खोली आणि शौचालय एकाच मजल्यावर नसेल, तर ते घर कितीही देखणे असले तरी मी ते घेऊ नये असेच म्हणेन.

रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये सांगितले जाते, ते रात्रीच्या पावसातल्या मिनिटांत मोजावे. मेंदूतील रक्तवाहिनीत गाठ अडकून पक्षाघात झाल्यास गाठ विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचे स्कॅनिंग व्हावे लागते; त्यामुळे ही सोय असलेले रुग्णालय कोणते, हेही विचारून ठेवावे. गाडी दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल, तर आजारी तोच पडला असे धरून हा प्रवास कसा होईल ते आधीच ठरवावे. जमिनीच्या आकाराबाबतही हीच कसोटी लावावी: जोडीदारामागे एकट्या राहिलेल्या माणसाला मजूर न मिळालेल्या वर्षी जेवढी जमीन सांभाळता येईल, तेवढीच घ्यावी.