कांडोळ, वळीव आणि काळं आकाश

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास मी पसरणीच्या घाटातल्या एका कांडोळाखाली जाऊन बसते. अंगावर एक पान नाही, साल चुन्यासारखी पांढरी. भुताचं झाड म्हणतात ते याचसाठी. मागून वळवाचे ढग चढू लागले की रंगाची गरजच उरत नाही; फोटो कृष्णधवलच काढते.

आधी चौकटीतून जमीन काढून टाका. मी कितीतरी वर्षं पायथ्यापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड घेत होते. फोटोत झाड दिसायचं, पण छातीत दाटून येतं ते दिसायचं नाही. आता खोडाला जवळजवळ पाठ टेकून कॅमेरा वर धरते. फांदी एका कडेने आत येते, दुसरीकडून निघून जाते. ती कुठल्या झाडाची, हे कळलं नाही तरी चालेल.

एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, मात्र कॅमेऱ्यावर सोडू नका. समोर काळवंडलेलं आकाश जास्त असलं की तो सगळ्याची सरासरी राखाडी धरतो. ढग फिके पडतात आणि पांढरी साल फटफटीत होऊन तिचे पापुद्रे पुसले जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर आणा, गरज पडली तर उणे दीडवर. सालीचा पोत टिकला पाहिजे. ढग काळे झाले तर होऊ द्या.

भिंगापुढे लावायचा लाल फिल्टर कुठलंही आकाश काळं करतो, असा एक गैरसमज आहे. तो फक्त निळं आकाश काळं करतो, कारण निळा प्रकाश अडवतो. आभाळ पूर्ण भरून आलं की निळं उरतच नाही, तेव्हा तो जवळजवळ काहीच करत नाही. त्याचे दिवस म्हणजे निळ्यावर पांढरे ढग तरंगतात ते. पंचवीस नंबरचा गडद लाल आठपट प्रकाश खातो. शटरची १/५०० सेकंदाची वेळ १/६० वर येते, म्हणून वाऱ्यात हलणाऱ्या डहाळ्या जपा. डिजिटलवर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, रंगीत काढून नंतर कृष्णधवल करताना निळा रंग खाली, म्हणजे गडदाकडे, ओढता येतो. फार ओढलात तर बारीक फांद्यांभोवती पांढरी किनार उमटते, ती मला अजिबात सहन होत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच पळसावर करून बघा. लाल फिल्टरने केशरी फुलं पांढरी होतात, हिरव्याने गडद. एकाच फांदीचा एकदा उत्सव, एकदा सुतक.

अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला ढग टिपायला सुरुवात केली. पुढे त्याच्या कित्येक चौकटींत जमीन उरलीच नाही, आणि छाप असायचे जेमतेम चार बाय पाच इंचांचे. मीही मॅट कागदावर तेवढेच छापते. छाप उलटा धरून खिडकीशी ठेवते, दोन दिवस येता-जाता बघते. उलटाही पेलला, तर सुलटा करून भिंतीवर लावते.