एचटीएमएल तपासल्यावर निघालेल्या चुका डेव्हलपरला कशा कळवायच्या

साइट चेकरमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात टाकली, लाल पट्ट्या दिसल्या, स्क्रीनशॉट काढला आणि बनवणाऱ्याला व्हॉट्सॲप केलं "दादा ६३ एरर आहेत", की समोरचा एकतर घाबरतो नाहीतर बघून सोडून देतो, आणि बहुतेक वेळा सोडूनच देतो. आपल्याकडं सांगली, मिरज, तासगावला निम्म्या दुकानांच्या साइट ओळखीतल्याच कुणीतरी तयार थीम (साइटचा आयता साचा) घेऊन उभ्या केलेल्या असतात, त्याची दिवसा दुसरीकडं नोकरी असते. त्याला रात्री जेवण झाल्यावर तुम्हाला फोन न करता दुरुस्त करता येईल असं काहीतरी पाठवायचं, एवढंच डोक्यात ठेवा.

आधी तपासणी. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा नू एचटीएमएल चेकर फुकट आहे. त्यात पानाचा पत्ता देता येतो, फाइल अपलोड करता येते किंवा कोड थेट पेस्ट करता येतो. पान लाइव्ह असेल तर पत्ताच द्या, कारण मग निकालाची लिंक मिळते आणि ती पुढं पाठवता येते. फक्त ती लिंक उघडली की तपासणी नव्यानं होते, म्हणजे तुम्ही सकाळी बघितलेली चूक दुपारपर्यंत कुणी काढली असेल तर त्याला काहीच दिसणार नाही आणि तुम्ही उगाच खोटे पडाल. म्हणून एररचा मजकूर कॉपी करून मेसेजमध्ये टाकायचाच. स्क्रीनशॉट सोबत चालतो, नुसता नको, त्यातनं काही सर्च करता येत नाही.

आता ६३ आकड्याला घाबरायचं नाही. एक डिव, म्हणजे पानाचा भाग बांधणारा टॅग, बंद करायचा राहिला की खालचं सगळं गडबडतं आणि एकाच चुकीच्या पाच-सहा तक्रारी येतात. शिवाय हेडर-फूटर (पानाचा वरचा-खालचा भाग) प्रत्येक पानावर तोच, त्यामुळं वेगवेगळी पानं तपासली तर तीच चूक प्रत्येक पानावर परत मोजली जाते. वरची पहिली चूक काढून परत तपासली की कितीतरी आपोआप जातात, म्हणून कळवताना कारणाप्रमाणं गठ्ठे करा. "फोटोंना ऑल्ट नाही, गॅलरीतले सगळे" ही एक ओळ पुरते, चाळीस ओळी नकोत (ऑल्ट म्हणजे फोटोऐवजी वाचायचा मजकूर). वॉर्निंग आणि इन्फो वेगळ्या ठेवा, त्या नंतर बघता येतात.

एक उदाहरण नीटच बघू. समजा बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं पान आहे, हिरवा, पिवळा, काळा, त्यांच्या दरांचं टेबल, आणि हे टेबल कुणीतरी पॅराग्राफच्या आत, म्हणजे पी टॅगमध्ये घातलंय. चेकर इंग्रजीत सांगतो की पी बंद करणारा टॅग आलाय पण उघडा पी कुठंच नाही. हे वाचून माणूस चक्रावतो, कारण कोडमध्ये तर पी उघडलेला समोर दिसतोय! होतं काय, वर डॉक्टाइप (पान कुठल्या नियमानं वाचायचं ते सांगणारी पहिली ओळ) नीट असेल तर टेबल सुरू झालं की ब्राउझर आधीचा पी स्वतःच बंद करतो. मग टेबलाखाली तुमचा बंद करणारा टॅग एकटाच उरतो आणि ब्राउझर त्याच्यासाठी एक रिकामा पॅराग्राफ तयार करतो. टेबलाखाली नको तिथं जागा सुटते ती बऱ्याचदा ह्याचीच, आणि पोरं सीएसएसमध्ये, म्हणजे दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, तास घालवतात. म्हणजे चेकर बोट दाखवतो टेबलाच्या खाली आणि चूक असते टेबलाच्या वर, हे रिपोर्टमध्ये लिहिलं तर समोरच्याचा अर्धा वेळ वाचतो.

मेसेज साधारण असा:

"दादा, आजचे दर हे पान, मंगळवारी सकाळी ११ ला नू चेकरमध्ये पत्ता देऊन तपासलं. ओळ ११८ ला पी चा एंड टॅग जादा येतोय, एररचा मजकूर आणि तिथला कोड खाली पेस्ट केलाय. टेबल पी च्या आत आहे म्हणून होत असावं. मोबाइलवर टेबलाखाली मोकळी जागा दिसते. टेबलाभोवतीचा पी काढला तर जाईल असं वाटतंय, बघा जमेल तेव्हा."

कोडच्या दोन-चार ओळी जोडायच्याच, कारण चेकरचा ओळ नंबर सर्व्हरनं पाठवलेल्या सोर्सचा असतो, कंट्रोल यू दाबल्यावर दिसतो तो. डेव्हलपरची फाइल असते पीएचपीची, सर्व्हर तिच्यातनं पान तयार करतो, तिथं ११८ वर भलतंच काहीतरी असणार. ब्राउझरच्या इन्स्पेक्टमधनं (राइट क्लिक करून उघडतो तो) कोड कॉपी करू नका, तिथं ब्राउझरनं आधीच सारवासारव केलेली असते, चूक दिसतच नाही.

आधी काय कळवायचं? माझ्या मते ज्याचा ग्राहकाला त्रास होतो ते. एकच आयडी, म्हणजे पानातल्या भागाला दिलेलं नाव, वरच्या हळदीला आणि खालच्या बेदाण्याला असं दोनदा असेल तर "बेदाण्याचे दर" दाबलं तरी पान हळदीवरच जाऊन थांबतं. पान मराठी आणि लँग मध्ये (पानाची भाषा सांगायची जागा) इंग्रजीचा कोड असेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांसाठी पान मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, मराठी चुकीच्या आवाजात वाचू शकतो, तिथं एमआर हवं. लिंकमधल्या स्पेस, जुने सेंटर-फॉन्टचे टॅग वगैरे नंतर. आणि एलआय (यादीतली ओळ) किंवा टीडी (टेबलातला चौकोन) बंद केला नाही म्हणून स्वतःच्या मनानं चूक काढू नका, ते बंद न करणं नियमात बसतं.

कुणाला कळवायचं तेही बघा. एरर थीम नाहीतर प्लगिनच्या (साइटला जोडलेल्या आयत्या जोडणीच्या) कोडमध्ये असेल तर ते बनवणाऱ्यांच्या सपोर्टला, कारण आपल्या दादानं तिथं हात लावला तरी पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं. चेकरच चुकतोय अशी खात्री असेल तर त्याचा गिटहब आहे, म्हणजे त्याचा कोड आणि तक्रारी ठेवलेली सार्वजनिक साइट. आधी जुने इश्यू (तक्रारी) शोधा, मग तीच एरर येईल एवढंच दहा-बारा ओळींचं पान बनवून टाका, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. गिराइकाचं अख्खं पान तिथं पेस्ट करू नका, त्यात फोन नंबर, ऑर्डरी काय काय असतं आणि ते सगळ्या जगाला दिसतं.

दादाचा "झालं बघ" आला की लगेच परत तपासा, तरी तीच एरर दिसली तर भांडायच्या आधी त्याला साइटची कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) क्लिअर करायला सांगा.