पाटे काढण्याआधी

डिप्लोमा झाल्यावर मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजात लागलो. पहिले चार महिने वस्तादांनी मला पाट्यांशिवाय (गाडीचं वजन झेलणाऱ्या, पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या कमानीसारख्या स्प्रिंगा) दुसरं काही हातात धरू दिलं नाही. यू-बोल्ट ढिले कर, बुश ठोकून काढ, पाटे सुटे करून तारेच्या ब्रशनं घास. निपाणीकडचे पिकअप, खानापूरकडच्या भाताची पोती वाहणाऱ्या जीपा, सगळं तेच. गिऱ्हाइकाशी वस्ताद कन्नडमध्ये बोलायचे आणि मला शिव्या मराठीत घालायचे. कॉलेजात डबल विशबोन आणि मल्टिलिंक असली सस्पेन्शनं शिकून आलेला मी, बैलगाडीच्या काळातली ही कमान घासत बसायचं म्हणजे चरफडायचोच.

आता नवीन पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, मागं कॉइलओव्हर घालूया की, पाटे कशाला?" (कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवरच चढवलेली गुंडाळीची स्प्रिंग.) त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारण हाच प्रश्न मी वस्तादांना न विचारता स्वतःच सोडवला होता, आणि तो मला महागात पडला.

खानापूरकडचा एक तरुण मालक जुनी फोर बाय फोर जीप घेऊन आला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याला मागं कॉइलओव्हर पाहिजे होते. वस्ताद गावाला गेलेले. मी हो म्हणालो. पाटे काढले, खालून दोन आणि वरून दोन असे चार आर्म (एक्सल धरून ठेवणारे दांडे) बनवले, पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) बसवला, आणि कॉइलओव्हर जुन्या शॉकअपच्याच ब्रॅकेटांवर लावले. भोकं जुळत होती, मग कशाला नवीन ब्रॅकेट करायचं? जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, पावसात, एका खड्ड्यात मागचं उजवं चाक उतरलं आणि कडाड आवाज झाला. मागची बाजू टायरवर बसली, रबर मडगार्डला घासून जळल्याचा वास सुटला. ब्रॅकेट वेल्डिंगसकट चेसिसमधून उपटून आलं होतं. मी आणि मालक, दोघं रेनकोट घालून ट्रॅक्टरची वाट बघत उभे. त्या दोन तासांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

वस्ताद आल्यावर त्यांनी तो तुकडा हातात घेऊन एवढंच विचारलं, "काय गा, शॉकअप कधी गाडी उचलून धरतो काय?"

सगळं कोडं तिथंच होतं. पाट्यांच्या गाडीत वजन पाटा उचलतो आणि चेसिसच्या हँगरमध्ये, पुढं-मागं दोन जागी वाटून देतो. शॉकअप फक्त हेलकावे जिरवतो, त्यामुळं त्याचं ब्रॅकेट तेवढ्याच जोराचं असतं. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. म्हणजे गाडी उभी असतानासुद्धा त्या एका डोळ्यावर (बोल्टच्या भोकावर) सगळं वजन, आणि खड्ड्यात त्याच्या दोन-तीन पट. म्हणून कॉइलओव्हर घालायचे तर आधी वरची जागा बघा. दोन्ही बाजूंच्या चेसिसला जोडणारा आडवा जाड पाइप आणि गसेट (कोपऱ्यातली आधाराची पट्टी) दिलेलं ब्रॅकेट नसेल, तर पुढचं बोलणंच नको.

दुसरी गोष्ट मला त्या चार महिन्यांनी शिकवली होती, फक्त तेव्हा कळली नव्हती. पाटा म्हणजे नुसती स्प्रिंग नव्हे. वजन तो उचलतोच. शिवाय हौसिंगला (मागच्या एक्सलच्या कवचाला) पुढं-मागं सरकू देत नाही, डावी-उजवीकडं जाऊ देत नाही, आणि गिअर टाकून क्लच सोडल्यावर हौसिंगचं नाक वर उचलायला बघतं तेही धरून ठेवतो. पाट्यापाट्यांतल्या घर्षणानं थोडा शॉकअपही होतो. सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट, एक हँगर, एक शॅकल (पाट्याच्या टोकाचा हलता दुवा). एवढ्या कमी सामानात इतकी कामं करणारा दुसरा भाग गाडीत मला तरी माहीत नाही. कॉइल यातलं फक्त एक काम करते. उरलेली कामं आर्मांना आणि पॅनहार्डला वाटून द्यावी लागतात. पॅनहार्ड आखूड किंवा तिरका पडला की चाक वर-खाली होताना हौसिंग बाजूला सरकतं. आर्मांची लांबी चुकली की प्रोपेलरच्या (मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या) जॉइंटचा कोन बिघडतो आणि गाडी ठराविक स्पीडला थरथरायला लागते.

मोठ्या कंपन्यांनीही हेच केलंय. 2020 च्या नव्या थारला मागं कॉइल आल्या, पण त्यांच्याबरोबर आर्मही आले. जुन्या थारला मागं पाटे होते. आणि पाटा म्हणजे मागासलेपण असं ज्याला वाटतं त्यानं अमेरिकेची कॉर्व्हेट बघावी. 1963 च्या मॉडेलपासून 2019 पर्यंत त्या स्पोर्ट्स कारला मागं आडवा पाटा होता, आणि 2020 च्या मॉडेलला कॉइलओव्हर आले. पण तिथं चाक धरायला वेगळे आर्म होते. पाट्याला फक्त स्प्रिंगचंच काम होतं.

आता हिशेब. हा न करता ऑर्डर देणारी पोरं अजून दिसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मागच्या एक्सलचं वजन काढा. आमच्याकडं सोपं आहे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवायची. उसाच्या सीझनमध्ये जाऊ नका, ट्रॅक्टरवाले पाठीमागून हॉर्न मारून हैराण करतील. समजा काटा 600 किलो दाखवतो. एका बाजूला 300. त्यातून चाक, ड्रम आणि अर्ध्या हौसिंगचं मिळून 50 किलो वजा करा, कारण ते स्प्रिंगवर नसतं. राहिले 250. गाडी उभी असताना स्प्रिंग 11 सेंटिमीटर दबली तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा झुलते, आणि ते बसायला बरं लागतं. 25 सेंटिमीटर दबली तर एकदा, पण तेवढी जागा आपल्या गाड्यांत कुठली असायला. म्हणजे चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा 250 भागिले 110, मिलिमीटरला 2.27 किलो. बाजारातल्या स्प्रिंगांवर बहुतेक वेळा इंचाला किती पौंड ते लिहिलेलं असतं. मिलिमीटरला 1 किलो म्हणजे इंचाला 56 पौंड, त्या हिशेबानं 127.

पण कॉइलओव्हर सरळ उभा बसत नाही, तिरका बसतो. 30 अंश तिरका असेल तर चाकाला स्प्रिंगचा कडकपणा तीन चतुर्थांशच मिळतो, म्हणून 127 पाहिजेत तर स्प्रिंग 170 ची घ्यावी लागते. मी त्या जीपला व्हिडिओतल्या माणसानं वापरलेला आकडा घातला होता. त्याची गाडी वेगळी, त्याचा कोन वेगळा.

याच आकड्यांवर पोती चढवा. भाताची 50 किलोची चार पोती मागच्या एक्सलवर, म्हणजे बाजूला 100 किलो. गाडी आणखी 44 मिलिमीटर बसली. हेल्पर पाटा (जादा वजनासाठीचा वेगळा पाटा) असता तर वजन वाढेल तसा तो आत येऊन गाडी कडक झाली असती. साध्या कॉइलला ते जमत नाही. म्हणून ज्याची गाडी आठवड्यातून चार दिवस बाजाराला माल नेते, त्याला मी सरळ पाटेच ठेवायला सांगतो. रिकामी पळणारी, चिखलात चाकं लांब लोंबकळावीत असं ज्याला वाटतं, ज्याच्याकडं आर्म बनवायला पैसा आणि धीर दोन्ही आहे, त्याच्यासाठी कॉइलओव्हर ठीक.

येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांचं खरं दुखणं मात्र यातलं काहीच नसतं. गाडी उडते म्हणतात. खाली वाकून बघावं तर पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, शॅकलचे बुश चपटे, शॉकअपमधून तेल गळून धूळ बसलेली. पाटे सुटे करून घासले, मधल्या चकत्या नवीन घातल्या, बुश आणि शॉकअप बदलले की तोच मालक दुसऱ्या दिवशी फोन करतो. पाटे बसलेले असतील तर कमान पुन्हा भरून देणारे आहेत, पण मेन पाट्याला चीर असेल तर नवीनच घ्या. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंग मारलं की त्याचं पाणी उतरतं, आणि शेजारीच पुन्हा तुटतं. राजहंसगडाच्या चढावर पहिल्या गिअरला मागची चाकं थडथड उडत असतील तर तो हौसिंग पिळल्याचा प्रकार. त्याला एक ट्रॅक्शन बार (हौसिंगला पिळू न देणारा दांडा) पुरतो.

मालकाला कायदाही आधीच सांगा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आर.सी.वरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. नंतर विम्याच्या वेळी मालक तुमच्याच दारात येऊन उभा राहतो.

त्या जीपला आम्ही पुन्हा पाटे घातले, मजुरी न घेता. कॉइलओव्हरची जोडी मालकानं नेली नाही, माळ्यावर पडून आहे. नवा पोऱ्या आला की पहिल्या दिवशी मी उजवा कॉइलओव्हर खाली काढून त्याच्या हातात देतो. फाटलेलं ब्रॅकेट अजून त्याच्या वरच्या डोळ्याला बोल्टसकट अडकलेलं आहे. मग त्याला ब्रश देऊन पाटे घासायला बसवतो.