घोडेस्वारी शिकायची, घोडा तबेल्यात ठेवायचा : बेळगाव सीमाभागातल्यांसाठी

स्वारीच्या शाळेची चौकशी फोनवर करून पैसे भरू नका. न कळवता सकाळी सहाला तबेल्यात जा. त्या वेळी दाणावैरण आणि खरारा चालू असतो, घोडे सजवून रिंगणात आणलेले नसतात, त्यामुळे आहे ते दिसतं.

आधी पाठ बघा. आयाळ संपते तिथला उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. ओली जखम दिसतेच, पण तांबड्या किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर मधेच पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथं पूर्वी कधीतरी खोगीर लागलेलं आहे. एका घोड्याला असं असेल तर ती जुनी गोष्ट असू शकते. चार घोड्यांना एकाच जागी ठिपके असतील तर एकच खोगीर सगळ्यांवर चढवलं जातंय, असं समजा. मग ठाणात, म्हणजे घोडा बांधतात त्या खणात, खाली वाकून गुडघ्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर मुताचा उग्र वायू साचलेला आहे, आणि घोडा रात्रभर तीच हवा घेतो. कडियाळ, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा लगामाचा लोखंडी भाग, हातात घेऊन बघा. काटे किंवा धारदार कड असलेलं कडियाळ वापरायला 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, आणि नवशिक्याच्या हातात तर ते घोड्याची जीभ फाडतं. असं कडियाळ लटकताना दिसलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

लग्नसराईत आणखी एक प्रश्न विचारा : हा घोडा रात्री वरातीला जातो का? आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तेच घोडे दोन्ही कामं करतात. मध्यरात्रीपर्यंत डीजेपुढे उभा राहिलेला घोडा सकाळी सातला नवशिक्याखाली दिला तर तो एकतर अडतो, नाहीतर पानाच्या सळसळीलाही बुजतो. तो खोडकर आहे असं मग पोराला सांगितलं जातं. खोड घोड्यात नसते, त्याची झोप झालेली नसते.

वजनाचा हिशेब सरळ आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावेत. साडेतीनशे किलोच्या मारवाडी घोड्यावर सत्तर किलो, त्यात खोगिराचे आठ-दहा किलो धरायचे. म्हणजे साठ किलोच्या वरच्या माणसाने शाळेत मोठ्या अंगाचा घोडा आहे का ते आधीच विचारावं.

पहिले पंधरा दिवस

हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या, तीन ठिकाणी जोडलेल्या पट्ट्याने हनुवटीखाली आवळणारं. मोटारसायकलचं चालत नाही, ते जड असतं आणि मान मागे ओढतं. बुटाला अर्धा ते एक इंच टाच हवी आणि तळवा गुळगुळीत हवा. खेळाचे बूट रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकतात, चपला तर नकोच. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद असावी. खोगिराखाली रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीत अडकवलेला असतो, तिच्या टोकाची कळ उघडी ठेवायची, म्हणजे पडताना पाय अडकला तरी पट्टा निसटून येतो. पुष्कळ तबेल्यांत पट्टा हरवू नये म्हणून ती कळ बंद करून ठेवतात. स्वारीआधी रोज स्वतः बघा.

चढण्याआधी घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराबरोबर तासभर जमिनीवर घालवा. मोरकी घालणं, चारही खूर उचलून माती काढणं, खरारा करणं, नमदा (खोगिराखालचं जाड कापड) आणि खोगीर ठेवणं. खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम करकचून आवळू नये. पुष्कळ घोडे आवळताना पोट फुगवतात. अर्धा आवळा, दहा पावलं चालवा, मग पूर्ण आवळा. तंगाखाली दोन बोटं जेमतेम जावीत. शेवटी पुढचा पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे कोपराखालची कातडी तंगात चिमटत नाही. चढल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा तंग बघा. खोगीर फिरून पडण्याचे बहुतेक प्रकार ही पाच मिनिटं विसरल्यामुळे होतात.

रिकिबीची लांबी मोजायला बोटांची टोकं पट्ट्याच्या बकलावर ठेवा. रिकीब काखेला लागली की साधारण बरोबर. डाव्या बाजूने चढा, लगाम डाव्या हातात आयाळीसकट धरा, आणि बसताना धपकन टेकू नका. शक्य असेल तर ओट्यावरून चढा. रोज जमिनीवरून चढलं की खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि घोड्याचा कणा दुखतो.

सुरुवातीचे धडे लांब दोरीवर हवेत. शिक्षक मधे, घोडा वीसेक मीटरच्या वर्तुळात, तुमच्या हातात लगाम नाही. वीस ते तीस मिनिटं पुरे, त्यानंतर मांड्या थकतात आणि चुकीची बैठक अंगवळणी पडते. बाजूने बघितलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत यायला हवेत. चवडा रिकिबीवर, टाच खाली. मांड म्हणजे गुडघ्याने आवळणं नव्हे. गुडघा आवळला की पोटरी मागे जाते, वरचं अंग पुढे कलतं आणि घोडा थबकला की माणूस त्याच्या मानेवर जातो. वजन मांडीतून टाचेकडे उतरू द्यायचं.

दुडकी चालीत बहुतेकजण अडकतात. ही दोन ठोक्यांची चाल : एक-दोन, एक-दोन. एकला उठायचं, दोनला हलकेच टेकायचं. वर्तुळात असताना बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं. नवशिका उठण्यासाठी लगामाला लोंबकळतो. त्याने तोंडाला हिसका बसतो, घोडा डोकं वर करतो, पाठ खाली दाबतो, चाल आणखी आदळते, आणि माणूस आणखी ओढतो. यावर उपाय म्हणजे घोड्याच्या गळ्यात साधा चामडी पट्टा बांधणं. हाताला आधार त्या पट्ट्याचा घ्या. आठवडाभरात लय बसते.

इथे एक फसगत होते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत रेवाल चालीचे पुष्कळ असतात. त्या चालीत पाठ हलतच नाही, बसणाऱ्याला वाटतं आपल्याला येतं. यात्रेत मिरवायला ती चाल सुंदर, पण शिकायला निरुपयोगी, कारण उठबस करायचं कारणच उरत नाही. शिकायला साध्या दुडकीचा, वयाने दहाच्या पुढचा, शांत घोडा मागा.

मोतद्दार थांबवताना कानडीत ‘निल्लु’ म्हणत असेल तर तुम्हीही तेच म्हणा. घोडा त्याच शब्दावर थांबायला शिकलेला असतो. उधळला तर ओरडू नका, पुढे वाकू नका, दोन्ही लगाम ओढून धरू नका. मागे बसा, एक हात आयाळीवर रोवा, दुसऱ्याने एकच लगाम थोडा थोडा घेत मोठ्या वर्तुळात वळवा आणि वर्तुळ लहान करत आणा. डांबरी रस्त्यावर किंवा चिखलात मात्र झटकन वळवलं तर घोडा कोसळतो.

कँटरची, म्हणजे दुडकीपुढच्या वेगवान चालीची, घाई नको. दुडकीत हात सोडून दोन फेऱ्या मारता आल्या की मगच.

पाऊस आणि जमीन

जून ते सप्टेंबर खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात पाऊस थांबत नाही. रिंगण मुरमावर केलेलं, एका बाजूला उतार असलेलं आणि वर तीनेक इंच वाळू टाकलेलं असावं. वाळू सहा इंच झाली तर पायाच्या शिरा ताणल्या जातात. अथणी, रायबागकडच्या काळ्या रानात पावसात स्वारी करूच नये. चिखल नाल उपटून काढतो, आणि नालेबरोबर खुराचा तुकडाही जातो.

ओल्या ठाणात उभ्या घोड्याच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग कुजतो. काळा, घाण वासाचा चिकट पदार्थ येतो. रोज दोनदा खूर साफ करणं, कोरडी जागा देणं, कडेच्या खाचांत पाणी घातलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसाने भरणं, एवढ्यावर सुरुवातीलाच थांबतं. घोडा लंगडायला लागला तर डॉक्टर. नालबंद पाच ते सहा आठवड्यांनी आलाच पाहिजे, नाल झिजलेली नसली तरीही, कारण खूर वाढतच असतो.

पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा होतो. ताप येतो-जातो, घोडा खातो तरी वाळतो, पोटाखाली आणि पायांना सूज येते. ताप असतानाच रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. ताप उतरल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू सहसा सापडत नाहीत आणि रोग महिनोन्‌महिने लपतो.

स्वतःचा घोडा तबेल्यात ठेवताना

सोय तीन प्रकारांची मिळते. सगळी देखभाल तबेल्याची. जागा त्यांची आणि दाणा, खरारा, लीद तुमच्याकडे. किंवा तुमचा घोडा शाळेच्या धड्यांना वापरायचा आणि त्याबदल्यात खर्च कमी. तिसरा स्वस्त वाटतो, पण त्यात दिवसाला किती धडे, कोणत्या वजनाचे स्वार, कोणतं खोगीर आणि आठवड्यात सुट्टीचा वार कोणता, हे लिहून घेतल्याशिवाय घोडा देऊ नका. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि तोंडी कबूल केलेले दोन धडे तेव्हा पाच होतात.

ठाण बारा बाय बारा फूट, उंच छप्पर, समोरासमोर हवा. अंथरायला भाताचं पिंजर आपल्याकडे भरपूर मिळतं. मात्र वैरण कमी पडली की घोडा तेच खातो आणि पोट बांधलं जातं.

खाण्याबद्दल जरा लांबून सांगावं लागेल, कारण आपल्या भागात घोडे आजारी पडतात ते बहुतेक गुरांची वैरण घोड्याला घातल्याने. निपाणी-चिकोडीत ऊसतोडीच्या दिवसांत वाडं मुबलक असतं, आणि म्हशी खातात म्हणून घोड्यालाही टाकतात. वाड्यात आणि संकरित नेपियर गवतात ऑक्झलेट जास्त असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. त्यात गव्हाचा कोंडा रोज दिला, ज्यात फॉस्फरस भरपूर, तर काही महिन्यांत हाडं भुसभुशीत होतात, घोडा कारण नसताना लंगडतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात. कोवळी हिरवी ज्वारी विषारी असते. बुरशी आलेला मका त्याहून वाईट : त्या बुरशीचं विष घोड्याचा मेंदू पोखरतं आणि त्यावर इलाज नाही. पावसात भिजून पुन्हा वाळवलेलं कणीस फुकट मिळालं तरी नको. सरकी पेंड टाळा. कोंबडीखाद्य आणि त्याच गिरणीत दळलेलं पशुखाद्य घोड्याजवळ आणूच नका, कोंबड्यांसाठी वापरलं जाणारं मोनेन्सिन घोड्याला अगदी थोड्या मात्रेत मारतं.

द्यायचं काय? साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण : बारीक केलेला स्वच्छ ज्वारीचा कडबा आणि वाळलेलं गवत, जोडीला धुतलेली हरळी आणि थोडा लसूणघास. वास घेऊन बघा, धूळ उडाली तर पाणी शिंपडून द्या. हलक्या कामाला चंदी दीड ते दोन किलो, भरडलेले जव किंवा ओट आणि त्यात मूठ-दोन मूठ भिजवलेला हरभरा. ती तीन वेळांत वाटायची, कारण घोड्याचं जठर लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. चंदीनंतर दीड-दोन तास स्वारी नको. कोणताही बदल दहा दिवसांत थोडा थोडा करत न्या. मीठ रोज तीस-पस्तीस ग्रॅम, उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्याला दुप्पट. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर आणि ते कायम समोर हवं. स्वारीनंतर गुळाचा खडा दिला तर बिघडत नाही, ढेप फोडून ठेवू नका.

पोटशूळ ओळखायला शिका. घोडा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, घामाने भिजतो, लीद बंद होते. चंदी-वैरण काढून घ्या, डॉक्टरांना लगेच कळवा, तोवर हळू चालवत ठेवा. बाटलीने तेल पाजण्याची पद्धत अजून चालते, ती बंद करा. ते तेल फुफ्फुसात जातं आणि शूळाने न मेलेला घोडा न्यूमोनियाने मरतो. डॉक्टर नाकातून नळी घालतात, ते त्यांचंच काम. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचा अनुभव भरपूर असतो, घोड्याला नळी घातलेला माणूस कोण, ते घोडा आणण्याआधीच शोधून ठेवा.

आकडे भिंतीवर लिहून टांगा : निरोगी घोडा आराम करत असताना अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. नाडी साठच्या वर आणि पोट दुखतंय, तर सकाळची वाट बघायची नाही.

धनुर्वाताची लस चुकवू नका. नव्या घोड्याला दोन-तीन आठवडे वेगळं ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा. बाजारातून घेतलेल्या घोड्याची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय त्याला तबेल्यात घेणारा मालक बेफिकीर आहे. हा रोग माणसालाही होतो, आणि 2009 च्या कायद्यानुसार सरकारला कळवावाच लागतो. कोल्हापूर किंवा अकलूजकडून सीमा ओलांडून घोडा आणताना पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि तपासणीचा कागद गाडीत ठेवा.

करारात एवढं हवंच : रोजची वैरण आणि चंदी किलोमध्ये, नालबंदाची तारीख, कोणाकोणाला बसायची परवानगी, लसीची नोंदवही कोणाकडे, महिनाभराची सूचना. आणि तुमचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतचा उपचार तबेल्याने तुम्हाला न विचारता सुरू करायचा, तो आकडा.