जुन्या जिप्सीला स्वस्तात लिफ्ट देताय? आधी या चुका टाळा

जुनी जिप्सी दारात आली की पहिल्या महिन्यातच पोरांना ती उंच करायची असते. सैन्याच्या लिलावातून फिरत आलेली असो, नाहीतर एखाद्या डॉक्टरांनी वीस वर्षं जपलेली असो, ठरलेली मागणी एकच: चार इंच लिफ्ट, म्हणजे तेवढी वाढीव उंची, कमी पैशात, येत्या रविवारच्या आत. माझं मत पक्कं आहे. आपल्याकडच्या घाटवाटा, नदीपात्रं आणि पावसाळी चिखल यांच्यासाठी जिप्सीला दोन इंच भरपूर झाले, आणि दोन इंच खरोखर स्वस्तात होतात. पण उंचीला जेवढा खर्च येतो, जवळपास तेवढाच त्या उंचीनं बिघडलेल्या गोष्टी जागेवर आणायला येतो. हा दुसरा खर्च धरलेला नसला की पुढचं सगळं रामायण सुरू होतं.

ब्लॉक विकत घेण्याआधी गाडीखाली झोपा

जिप्सीत पुढे-मागे चारही बाजूंना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थरांच्या स्प्रिंगा आहेत, आणि कंपनीतून येताना ते एक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) खालून जातात. म्हणजे एक्सल पाट्यावर बसलेला असतो. ज्या पिकअपमध्ये पाटा एक्सलच्या वर असतो, तिथे मध्ये ब्लॉक, म्हणजे धातूचा ठोकळा, घातला की बॉडी वर जाते. जिप्सीत तोच ब्लॉक एक्सल आणि पाट्याच्या मध्ये घातला तर एक्सल वर सरकतो आणि गाडी खाली बसते. तरीही लोक ऑनलाइन ब्लॉक मागवतात, दिवसभर खपून बसवतात आणि जॅक काढल्यावर गाडी आधीपेक्षा बुटकी झालेली बघत उभे राहतात. दहा मिनिटं टॉर्च घेऊन खाली झोपलं असतं तर हे टळलं असतं.

मग कोणीतरी सुचवतं की पाटेच एक्सलच्या वर घ्या, पाच इंचांहून जास्त उंची फुकटात मिळेल. फुकटात काहीच मिळत नाही. एक्सलवर नव्या बैठका नेमक्या कोनात वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगची जोडणी बदलते, इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणारे प्रोपेलर शाफ्ट लांब करावे लागतात, आणि जोर लावला की एक्सल पाट्यांना पीळ देऊ लागतो, त्याचाही बंदोबस्त करावा लागतो. ज्याला हे सगळं नीट करायचंय त्यानं जरूर करावं. पण त्याला बजेट लिफ्ट म्हणू नये.

लांब शॅकल: सगळ्यात लाडकी चूक

ही चूक बघून बघून मी खरंच थकलो आहे. पाट्याचं एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पक्कं असतं, दुसरं शॅकल नावाच्या हलत्या कडीवर लटकतं. शॅकल लांब केली की ते टोक खाली जातं आणि गाडी वर येते. लोखंडी पट्टी स्वस्त, भोकं पाडणारा कोपऱ्यावर, काम एका दुपारचं. म्हणून सगळे आधी इथेच हात घालतात.

आता हिशोब बघा. एक्सल पाट्याच्या मध्यावर आहे, त्यामुळे शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते. आणि एकच टोक खाली गेल्यामुळे अख्खा पाटा तिरका होतो. पाट्याच्या दोन टोकांतलं अंतर मीटरभर धरलं तर दोन इंचांना जवळपास तीन अंशांचा फरक पडतो. जिप्सीत पुढच्या पाट्यांच्या शॅकल पुढच्या बाजूला आहेत. तिथलं टोक खाली आलं की एक्सल पुढे झुकतो आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो. वळणावरून बाहेर आल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते या कास्टरमुळे. जिप्सीचा मूळ कास्टर तीन-साडेतीन अंशांच्या आसपास असतो. एक इंच उंचीसाठी तो जवळजवळ सगळा संपवायचा, असा हा सौदा आहे.

एका तरुण मुलाची गाडी आमच्याकडे आली तेव्हा चारही शॅकल मूळच्यापेक्षा चार इंच लांब होत्या. तक्रार अशी की हायवेवर गाडी रेघेत चालत नाही आणि साठच्या पुढे पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातात थडथडतं. तोपर्यंत त्यानं टाय रॉड एंड बदलले होते, चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं होतं, नवा स्टिअरिंग डँपर बसवला होता. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एक सुटा भाग विकला आणि गाडीखाली कोणीच बघितलं नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली तर कास्टर उणे दाखवत होता. शिवाय शॅकल म्हणजे नुसत्या दोन सुट्या पट्ट्या, मध्ये आडवी जोड नाही. वळणावर त्या पट्ट्या कलायच्या आणि अख्खी बॉडी आडवी डुलायची. अशा गाडीत तो आईवडिलांना बसवून करूळ घाट उतरून कोकणात जाऊन आला होता. ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

आम्ही पुढच्या शॅकल मूळ मापाच्या केल्या. मागे एक इंच जास्तीची, जाड पट्टीची, मध्ये आडवी जोड असलेली शॅकल दिली. उरलेली उंची पाट्यांच्या कमानीतून, म्हणजे त्यांच्या बाकातून घेतली, कारण कमान वाढली की पाटा सारखा उचलतो, तिरका होत नाही. त्याचा थडथडाट त्या दिवशीच गेला.

कोणी विचारतं की लांब शॅकल ठेवून एक्सलखाली पाचर घातली तर? चालतं, मर्यादेत. पुढच्या एक्सलला पाचरीची जाड बाजू पुढे घालायची, म्हणजे कास्टर परत येतो. पण त्याच वेळी डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) तोंड खाली वळतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर ताण वाढतो. म्हणून दोन-तीन अंशांच्या पुढे मी जात नाही. आणि पाचर पोलादाचीच घ्या, ॲल्युमिनियमची चिरडते आणि तडकते.

कमान मारणं आणि पाटा वाढवणं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या आसपास वाढलेल्या माणसाला चांगलं काम कसं दिसतं ते शिकवावं लागत नाही, पण पाट्यांच्या बाबतीत तिथलेही लोक फसतात. थंड पाट्यावर घणाचे घाव घालून कमान वाढवली तर ती दिसते छान आणि थोड्याच दिवसांत बसते. पाटा स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. तो तापवून वाकवला तर त्याला पुन्हा नीट पाणी द्यावं (तापवून एकदम गार करावं) लागतं आणि मग मऊपणा आणावा लागतो. ही उष्णता-प्रक्रिया करणारा कारागीर शोधा, चार पैसे जास्त द्या. गॅसच्या टॉर्चनं एकाच जागी लाल करून वाकवणारा दिसला तर पाटे उचलून घरी या. तिथेच तो पाटा पुढे तुटतो.

दुसरा प्रकार म्हणजे भंगारातून टेम्पोचा जाड पाटा आणून संचात घालायचा. जिप्सी टनभर वजनाची गाडी आहे. तिच्यावर टेम्पोचा पाटा घातला की उंची येते आणि पाटे हलायचे थांबतात. डोंगरात चाक खड्ड्यात उतरलं पाहिजे, दगडावर चढलं पाहिजे. कडक पाट्यावर गाडी तीन चाकांवर उभी राहते आणि चौथं हवेत फिरतं. वाढवायचाच असेल तर मूळच्या जाडीचा एक पाटा, मेन, म्हणजे सगळ्यात लांब पाट्यापेक्षा आखूड, टोकं घासून गोल केलेला. आणि संच उघडलाच आहे तर प्रत्येक पाट्याचा गंज घासून काढा. निम्म्या जुन्या जिप्सींचा ताठपणा गंजाचा असतो.

शॉक आणि ब्रेकची नळी न मोजणं

ही माझी दुसरी दुखरी जागा, कारण इथे गाडी नुसती भटकत नाही, माणसं जाऊ शकतात.

लिफ्ट झाल्यावर जुने शॉक, म्हणजे हिसके शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर, आखूड पडतात. चाक खाली लटकलं की पाट्याआधी शॉक ताणून संपतो आणि प्रत्येक खड्ड्यात त्याच्या माउंटिंगला हिसका बसतो. मग कोणीतरी दुसऱ्या गाडीचे लांब शॉक अंदाजानं बसवतं. आता चाक आणखी खाली जातं, आणि त्याला अडवणारी एकच गोष्ट उरते: ब्रेकची रबरी नळी.

राधानगरीच्या बाजूला पावसाळ्यात काही गाड्या घेऊन गेलो होतो. एका जिप्सीला आदल्याच आठवड्यात गॅरेजमध्ये लांब शॉक लावले होते, होज पाइप, म्हणजे ब्रेकच्या या रबरी नळ्या, मूळचेच होते. ओढ्यात उतरताना पुढचं डावं चाक दगडावरून सुटून पूर्ण लटकलं. कोणाला काही जाणवलं नाही. पुढच्या उतारावर पेडल खाली जायला लागलं. नळी जोडाजवळ फाटली होती आणि ऑइल चाकाच्या आतल्या बाजूनं गळत होतं. गाडी लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) पहिल्या गिअरवर होती, म्हणून इंजिनाच्या जोरावर धरली गेली. त्या उतारावर तो न्यूट्रलमध्ये असता तर काय झालं असतं याचा मी आजही विचार करतो. ज्या गॅरेजनं शॉक लावले त्यांनी चाक एकदा लटकवून बघितलं असतं, तर नळीवरचा ताण लहान मुलालाही दिसला असता.

माझी सवय सांगतो. मोजमापाच्या दिवशी संचातला फक्त मेन पाटा बसवतो, बाकीचे बाजूला. चासी पक्क्या स्टँडवर घेतो आणि एक्सल ट्रॉली जॅकनं वरखाली करतो. एकट्या मेन पाट्यावर एक्सल सहज हलतो. एक्सल पूर्ण खाली सोडून शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजायचं, मग एक्सलची वरची धाव अडवणाऱ्या रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर घेऊन परत मोजायचं. या दोन आकड्यांच्या बाहेर थोडी जागा राखणारा शॉक दुकानात जाऊन मागायचा. पूर्ण दाबलेल्या अवस्थेत शॉक आधी टेकत असेल तर बंप स्टॉपखाली गुटका (ठोकळा) द्यायचा, नाहीतर शॉकची सील किंवा माउंटिंग फुटेल. याच वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढच्या नळ्या बघायच्या, आणि मागची चासीवरून एक्सलकडे येणारी नळीही. ताठ होत असेल तर लांब नळी करून घ्यायची. नळीला जोड देऊन वाढवणाऱ्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका.

प्रोपेलर शाफ्टही तेव्हाच बघून होतो. एक्सल पूर्ण खाली असताना शाफ्टची आतबाहेर सरकणारी स्लाइडिंग स्प्लाइन किती आत राहिली ते पाहा. अगदी टोकावर आली असेल तर शाफ्टच्या जोडाच्या तबकडीत, म्हणजे फ्लँजमध्ये, स्पेसर लागेल. दोन इंचांत बहुतेक वेळा निभावतं.

हे सगळं करायला एक अख्खा दिवस जातो. ज्याला हा दिवस द्यायचा नाही, त्यानं गाडी मूळ उंचीवर चालवावी. मूळ उंचीची, नीट ठेवलेली जिप्सी भल्याभल्यांना मागे टाकते.

बुश हवेत आवळणं

गाडी जॅकवर असतानाच पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गच्च आवळले की सांध्यांतले रबरी बुश लटकलेल्या अवस्थेत जखडतात. चाकं जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहतात, गाडी कडक लागते आणि नवे बुश वर्ष काढत नाहीत. बोल्ट हातानं लावा, गाडी खाली घ्या, बंपरवर उभं राहून चार वेळा हलवा, मगच आवळा.

बाकीच्या, थोडक्यात

पाटा एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ते एकदा ताणलेले असतात. तुटलेला यू-बोल्ट वेल्ड करून देणारे लोक आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

पाट्यांचा संच मधोमध धरणारा सेंटर बोल्ट नवा आणि उच्च प्रतीचा घ्या. तो तुटला की एक्सल मागेपुढे सरकतो.

बॉडी आणि चासीच्या मध्ये बॉडी लिफ्टचे नायलॉन गुटके घालून त्याला सस्पेन्शन लिफ्ट म्हणू नका. दगड डिफरन्शियलला लागायचा तो लागतोच.

डिफरन्शियलची उंची फक्त टायर वाढवतो. २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर एक्सल साधारण ३३ मिलिमीटर वर येतो. स्पीडोमीटर मात्र ६० दाखवताना गाडी ६६ च्या आसपास असते, आणि ब्रेकवरचं कामही वाढतं.

लिफ्टनंतर स्टिअरिंग मध्यावर राहत नाही. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारा दांडा) समायोजित करून ते सरळ करा, स्टिअरिंगचं चाक काढून पुन्हा बसवू नका. हेडलाइट खाली वळवा, समोरच्याचे डोळे तुमच्या हौसेसाठी नाहीत.

आरटीओ आणि विमा

हा भाग कोणी वाचत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या जिप्सीची १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी पासिंगमधूनच जाते, तिथे लांब शॅकल सगळ्यात आधी दिसतात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते. मूळचे पाटे, शॅकल आणि शॉक तेल लावून, गोणपाटात बांधून ठेवा, भंगारात विकू नका.

काम झाल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर डांबरी रस्त्यावरच चालवा. मग गाडी सपाट जागी उभी करून यू-बोल्ट, शॅकल आणि शॉकचे बोल्ट पुन्हा आवळा, होज पाइपवर घासल्याची खूण आहे का बघा, आणि चारही चाकांवरच्या बॉडीच्या कडेची उंची मोजून वहीत लिहा. महिन्यानं परत मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर तो संच घेऊन ज्यानं कमान मारली त्याच्याकडेच परत जा.