शहराच्या तलावाचे पाणलोट लोकसहभागातून कसे सांभाळावे

धुळ्याचा नकाणे तलाव असो वा जळगावचा मेहरूण, नागरिकांचा गट एकत्र आला की पहिल्या रविवारी काठावरचा कचरा वेचतो आणि दुसऱ्या रविवारी रोपे लावतो. यात गैर काही नाही. पण काठाशी साचणारा गाळ आणि प्लॅस्टिक वरच्या टेकडीवरून, नाल्यांतून आणि वस्त्यांच्या गटारांतून वाहून आलेले असते. म्हणून काम पाणलोटाच्या, म्हणजे ज्या उतारांवरचे पाणी तलावात येते त्या साऱ्या भागाच्या, माथ्यापासून सुरू करावे आणि वृक्षारोपण सर्वांत शेवटी ठेवावे.

आधी पाण्याची वाट चालून पाहावी

जूनमधला पहिला जोरदार पाऊस ओसरला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा जणांनी तलावापासून उलट दिशेने, नाल्याच्या काठाकाठाने टेकडीपर्यंत जावे. पाऊस चालू असताना पात्रात मुळीच उतरू नये. माती कुठे खचली आहे, बांधकामाचा राडारोडा कुठे टाकला आहे, गटाराचे तोंड कुठे उघडते, हे सारे साध्या कागदावर काढलेल्या नकाशात नोंदवावे. हीच फेरी एप्रिलमध्ये पुन्हा करावी. धरणातून किंवा कालव्यातून पाणी सोडलेले नसताना शहरालगतचा नाला एप्रिलमध्येही वाहत असेल, तर ते बहुधा सांडपाणीच असते. ते पालिकेकडे छायाचित्रांसह लेखी कळवावे, कारण हे काम फावड्याने होणारे नाही.

दहा हेक्टरांच्या उतारावर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर 20 लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. टेकडी उघडी असेल तर त्यातले बरेचसे पाणी माती घेऊन थेट खाली येते, गवत आणि झुडपे असतील तर ते थबकते. सगळा खटाटोप या थबकण्यासाठी आहे.

जमीन कोणाची, हे विचारावे

उतार वनखात्याचा, नाला महसूल खात्याचा आणि तलाव पालिकेचा किंवा पाटबंधारे खात्याचा, असे अनेकदा असते. वनजमिनीवर खड्डा खणणे किंवा झुडूप तोडणे, हेतू कितीही चांगला असला तरी, परवानगीशिवाय करू नये. वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्या भागाच्या वनरक्षकाला पहिल्याच फेरीला सोबत न्यावे. मेंढपाळांना विसरू नये. धुळे जिल्ह्यातले ठेलारी बांधव कोणत्या उतारावर कधी चारा असतो आणि वणवा कुठून शिरतो, हे आपल्यापेक्षा चांगले जाणतात. त्यांना न विचारता चराईबंदीचा फलक लावणारा गट फार दिवस टिकत नाही.

माणसे जोडताना पांझरा खोऱ्यातल्या जुन्या फड पद्धतीकडे, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या सिंचनाकडे, पाहावे. तिथे पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या ठरलेला असे. आपल्या गटातही नाल्याच्या प्रत्येक फाट्याला एक जबाबदार माणूस नेमावा. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले ते गावाने स्वतःच केलेल्या आणि स्वतःच पाळलेल्या नियमांवर. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

माथ्याकडून दगडी बांध

परवानगी मिळाल्यावर उन्हाळ्यात लहान घळींमध्ये सैल दगडांचे बांध घालावेत. सर्वांत वरच्या घळीपासून सुरुवात करून खाली यावे. तळाशी वीतभर पाया खणावा, मोठे दगड बाहेरून आणि बारीक आतून रचावेत, बांधाची दोन्ही टोके काठात रुतवावीत आणि मधला भाग कडांपेक्षा हातभर खोलगट ठेवावा. हा खोलगटपणा विसरला की पाणी कडेने काठ कापत जाते आणि बांध एकटाच उभा राहतो. आमचा पहिला बांध असाच पहिल्या पावसात निकामी झाला. दगड सुटे पडलेलेच घ्यावेत. उतारात रुतलेले उपटले तर नवी घळ तयार होते.

ऑक्टोबरमध्ये नाल्याला थोडी धार असताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालता येतो. गोण्या विटांसारख्या सांधे चुकवून रचाव्यात. मे महिन्यात मात्र त्या आठवणीने काढाव्यात, नाहीतर त्यांच्या चिंध्या पुराबरोबर तलावात जातात.

नको ती झुडपे काढणे

गाजरगवत पावसाळ्यात, जमीन ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे, कारण त्याच्या परागांची अनेकांना ॲलर्जी होते. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. तिच्या खोडाभोवतीची माती मोकळी करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटे तोडावे आणि झुडूप उलटे, मुळे वर करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. वेड्या बाभळीचेही तसेच आहे. तिचे खोड जमिनीखाली वीतभर तोडावे लागते. एका मोसमात एकच पट्टा साफ करावा, कारण सगळा उतार एकदम उघडा केला तर माती वाहून जाते.

गवत, वणवा आणि मग झाडे

माळरानावर मारवेल, पवन्या, शेडा उभे असतील तर ते मोडून रोपे लावण्याची गरज नाही. माती धरून ठेवण्यात ही गवते कोणत्याही शोभेच्या झाडापेक्षा सरस आहेत. खरे भय वणव्याचे आहे. डिसेंबर-जानेवारीत वनखात्याबरोबर जाळरेषेवरचे, म्हणजे वणवा अडवण्यासाठी मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यावरचे, गवत कापावे, होळीच्या आसपास पाळीने फेरी ठेवावी आणि धूर दिसताच वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

मोकळ्या, झिजलेल्या जागीच लागवड करावी आणि तीही इथल्या झाडांची. कोरड्या उतारावर अंजन, खैर, सालई, पळस लावावेत. नाल्याकाठी करंज, जांभूळ, उंबर योग्य. लावलेल्या रोपांना निदान दोन उन्हाळे पाणी आणि राखण देता येईल एवढीच संख्या धरावी, मग ती पन्नासच का होईना.

नोंद ठेवणे

वीस सेंटिमीटर व्यासाची थाळी घेऊन तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवावेत आणि तिला वजन व गाठी मारलेली दोरी बांधावी. महिन्यातून एकदा, दुपारी, तलावाच्या भिंतीवरच्या त्याच जागेवरून ती पाण्यात सोडून कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते वहीत लिहावे. पहिल्या पावसाळ्यात आकडा लहान येईल, कारण तेव्हा पाणी गढूळच असते. तुलना त्याच महिन्याच्या पुढच्या वर्षीच्या आकड्याशी करावी.