फॉलोअप स्कॅनचं थ्रीडी करताय? या चुका टाळा

थ्रीडी स्लायसर (स्कॅनवरून थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, त्यामुळे हल्ली जो तो एकाच पेशंटचे वेगवेगळ्या तारखांचे दोन-तीन एमआरआय लोड करतो आणि अर्ध्या तासात गाठीचं गरगर फिरणारं मॉडेल घेऊन दाखवायला येतो. दिसतं भारीच. पण मधल्या काळात काय बदललं ते विचारलं की गडबड.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक: रजिस्ट्रेशन (म्हणजे स्कॅन एकमेकांवर नीट बसवणं) करताना थेट डिफॉर्मेबल (स्कॅन हवा तसा ताणून-दाबून बसवणारी पद्धत) लावणं. आमच्याकडे एका नव्या पोराने एकाच पेशंटचे मेंदूचे तीन स्कॅन असे एकमेकांवर बसवले, आणि बसले पण इतके झकास की ॲनिमेशनमध्ये गाठ जागची हलेना, सगळे खूश, स्टेबल आहे म्हणे. मग रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मूळ स्लाइस उघडल्या आणि विचारलं, "अरे, वाढलेली गाठ कुठे घालवलीस?" सॉफ्टवेअरचा काय दोष, त्याला सांगितलं होतं दुसरा स्कॅन पहिल्यासारखा कर, त्याने गाठ पण दाबून पहिल्याएवढी केली!

मी मेंदूला रिजिडच लावतो. तीन दिशांना सरकवणं, तीन अक्षांभोवती फिरवणं, बास. मोठ्या माणसाची कवटी काही तीन महिन्यांत बदलत नाही, त्यामुळे बसलंय का ते कवटीच्या कडेवर बघायचं, गाठीवर नाही. ॲफाइनपण नको, त्यात स्केलिंग, म्हणजे लहान-मोठं करणं, असतं. फुफ्फुसात श्वासामुळे डिफॉर्मेबल लागतंच, तिथे गाठीला मास्क लावून (तेवढा भाग जुळवणीत धरू नको असं सांगून) बाजूला ठेवा. आणि व्हॉल्यूम कायम मूळ, हात न लावलेल्या स्कॅनवरच मोजा. 10 मिमीची गोल गाठ 12.6 मिमी झाली की व्हॉल्यूम दुप्पट होतं, डोळ्याला मात्र जेमतेम कळतं.

दुसरं, "मागच्या वेळी थ्रेशोल्ड 400 होता, तोच ठेवला." (थ्रेशोल्ड म्हणजे स्कॅनमधले कोणत्या आकड्यापुढचे ठिपके मॉडेलमध्ये घ्यायचे ती सीमा.) अरे बाबा, सीटीत हाउन्सफिल्ड हे ठरलेलं माप असतं, पाणी 0, हवा उणे 1000, तिथे हे बऱ्यापैकी चालतं (कॉन्ट्रास्ट दिलाय की नाही ते बघून). एमआरआयच्या आकड्यांना असं ठरलेलं मोजमापच नाही, मशीन तेच असलं तरी दिवस बदलला की आकडे बदलतात. आधी नॉर्मलाइझ करा (सगळ्या स्कॅनचे आकडे एका पट्टीवर आणा), आणि सगळ्या तारखांचं सेगमेंटेशन (गाठीची कड आखणं) एकाच माणसाने करा. कंटाळवाणं आहे, माहितीये. मीपण चहा पीत पीत स्लाइसमागून स्लाइस करतो.

बाकी किरकोळ. एका स्कॅनच्या स्लाइस 1 मिमी जाडीच्या आणि दुसऱ्याच्या 5 मिमीच्या असतील तर मॉडेलवर पायऱ्या दिसणारच, त्यावर स्मूदिंग म्हणजे नुसता मेकअप. लेबलमॅप (कुठला ठिपका कशाचा ते नंबरांनी सांगणारा नकाशा) रिसॅम्पल करताना, म्हणजे नव्या मापाच्या ठिपक्यांवर बसवताना, निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या ठिपक्याचाच नंबर) घ्या, लिनियर (आजूबाजूची सरासरी) घेतलं तर लेबल 1 आणि 3 च्या मध्ये 2 उगवतो, जो तिथे नव्हताच. कॅमेरा आणि रंग सगळ्या तारखांना सारखेच. फाइलच्या नावावरून क्रम लावू नका, डायकॉममधली (स्कॅनच्या मूळ फाइलमधली) तारीख बघा. नाव-तारखा लपवताना प्रत्येक स्कॅनची तारीख वेगवेगळ्या दिवसांनी सरकवणारे पण भेटलेत मला, मग मधलं अंतर कुठून काढणार? एका पेशंटला एकच शिफ्ट, आणि तो आकडा कुलपात.